गुडघे दुखतात म्हणून माणसाला खुर्चीत डांबू नका

आज एका लग्नाला गेलो होतो, तिथनं डोकं फिरवून घेऊन आलोय, त्यामुळं पोस्ट लांबणार. वाचायची तर वाचा.

नात्यातली एक काकी, पासष्टी उलटलेली. अक्षता पडल्या, नवरीला भेटायला म्हणून स्टेजकडं जायला उठली तर मुलगा चारचौघांत ओरडला, "कशाला उठूलीस, डॉक्टरनी काय सांगितलंय, गॅप संपलीय गुडघ्यातली, बस की गप!" काकी बसली. ताटही तिथंच आलं, परतताना गाडी अगदी पायरीला लावली. बाया म्हणतायत किती करतो बघा आईचं. माझ्या घशाखाली घास उतरेना.

कारण हे सगळं आमच्या घरात होऊन गेलंय. आई इथल्याच बेळगावातल्या शहापूरची, निम्मं आयुष्य मागाच्या घरात गेलं, उकिडवं बसून कांड्या भर, ऊठ, परत बस. साठीनंतर डावा गुडघा कळा मारायला लागला. एक्स-रे काढला, घासलंय म्हणाले, झालं, थोरल्या भावानं फर्मान काढलं. जिना बंद, बाजार बंद, कपिलेश्वराचं देऊळ बंद. मी तेव्हा नोकरीनिमित्त बाहेर, फोनवर भांडून काय होणार. दाराजवळ प्लास्टिकची खुर्ची, समोर टीव्ही, चहा हातात. गुडघा दुखायचा तेवढाच दुखत राहिला, वर वजन वाढलं, मांड्या वाळल्या, आणि संडासला जायचं तरी खुर्चीच्या दोन्ही हातांवर भार टाकून, दात आवळून उठायला लागली. सुनेला हाक मारायची लाज वाटते म्हणून पाणी कमी प्यायची. हे आम्हाला फार उशिरा कळलं.

लोकांच्या डोक्यात बसलंय की गुडघा म्हणजे टायर, जितका फिरवाल तितका झिजणार. अहो, टायर निर्जीव असतो, गुडघा जिवंत आहे! आत हाडांच्या टोकांवर गादीसारखी कूर्चा असते, तिला रक्तवाहिन्याच नाहीत, तिचं पोषण सांध्यातल्या पाण्यातनं होतं, आणि पाय टेकला की दाब, उचलला की सैल, असं होत राहिलं तरच ते पाणी आतबाहेर खेळतं. मांडीचा पुढचा स्नायू चालताना बराचसा धक्का झेलतो, बसून बसून तो वाळला की धक्का थेट सांध्यावर. आणि वजन? अंगावर एक किलो वाढला तर चालताना गुडघ्यावर चारेक किलोचा भार वाढतो. म्हणजे दुखतंय म्हणून बसायचं, बसल्यामुळं अजून दुखणार, मग अजून बसायचं, आणि ह्याला आपण सेवा म्हणायचं!

हां, घासलेली कूर्चा चालल्यानं परत उगवत नाही, मान्य. गुडघा लालबुंद झाला, तापला, एकदम सुजला, पडून मार लागला तर डॉक्टर गाठा, तिथं माझं ऐकू नका. ज्यांना वाटी बदलायला लागते त्यांना लागतेच. पण बदलल्यावर काय करतात ओ? त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी वॉकर हातात देऊन चालवतात! चालणं काय चुकत नाही.

आमच्या आईला उठवलं ते बैलहोंगलकडच्या एका फिजिओ पोरीनं. आईचं कन्नड बाजारापुरतं, हिचं मराठी तोडकं, पण दोघींचं जमलं. "स्वल्प नडीरी अज्जी", म्हणजे थोडं चाला आजी, म्हणत पहिल्यांदा फक्त गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत नेऊन आणली. आई काठी डाव्या हातात धरायची, डावा पाय दुखतो म्हणून. पोरीनं ती काढून उजव्या हातात दिली, दुखऱ्या पायाबरोबर काठी पुढं टाकायची, भार वाटला जातो. एवढी साधी गोष्ट आम्हाला कुणीच सांगितली नव्हती! घरी टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली घेऊन पाय ताठ करत ती दाबायची, थोडं थांबायचं, सोडायचं. हात न लावता खुर्चीतनं उठायचा सराव, सुरुवातीला उशी ठेवून उंच केलेल्या खुर्चीवरनं. आणि नियम एकच, चालताना थोडं दुखलं तर दुखू दे, पण दुसऱ्या सकाळपर्यंत पहिल्यासारखं व्हायला पाहिजे. नाही झालं तर कमी चाला. बंद करायचं नाही.

चप्पल काढून बूट घ्यायला लावले तर गल्लीत हशा, लुगड्याखाली स्पोर्ट शूज! आईच जास्त हसली. पण घातले.

भावाला पटवायला मी अभ्याससुद्धा काढून दाखवला, अमेरिकेतला, २०२२ सालचा, पन्नाशीपुढच्या, गुडघे घासलेल्या लोकांचा. व्यायाम म्हणून चालणाऱ्यांत नव्यानं वरचेवर गुडघा दुखायला लागण्याची शक्यता सुमारे ४० टक्के कमी दिसली. भाऊ म्हणाला, तिथले रस्ते बघ आणि आपले बघ. आता ह्याला काय उत्तर देणार. बेळगावात म्हातारं माणूस चालणार कुठनं सांगा? फूटपाथवर गाड्या, गाड्या नाहीत तिथं फरशी उचकटलेली, फरशी धड असेल तिथं गटारीचं झाकण गायब, आणि वरनं कुत्री. जून लागला की चार महिने शेवाळ. सायकल ट्रॅकचे फोटो काढायला सगळे पुढं, एक सत्तरीची बाई काठी घेऊन गणपत गल्लीतनं धड चालून दाखवू दे म्हणावं. पावसात आई घरातच चालते, सोप्यातनं परसदारापर्यंत आणि परत, मध्ये नातवंडांचा अभ्यास, कुणाच्या दप्तराला पाय लागला की शिव्या.

भाऊ काय वाईट नाही हां. त्याची भीती वेगळी होती, आई पडली आणि खुबा मोडला तर? ती भीती खोटी नाही. पण मांडीत जोर नसलेलं माणूस घरातल्या घरात, बाथरूममध्ये पडतं, ते कुणाच्या लक्षात येत नाही. आता तोच श्रावणी सोमवारी तिला कपिलेश्वरला नेतो, पूल लागला की हात धरतो, बाकी ती एकटी. जिना अजून एकेक पायरी करत उतरते, थंडीत सकाळी गुडघा आखडलेला असतो, सगळं काय छान झालेलं नाही. पण पाणी पोटभर पिते.

राग येतो तो दुसऱ्यांचा. कूर्चा वाढवायच्या पावडरी, टीव्हीवरची तेलं, महिन्याला दोन-तीन हजार बिनबोभाट जातात आणि आईला एकदाच बूट घ्यायचे म्हटलं की "ह्या वयात कशाला". रोज अर्धा तास तिच्याबरोबर चालायला कुणाकडं वेळ नाही, गाडी पायरीला लावायला मात्र आहे, कारण ते लोकांना दिसतं. बोललो, वाईट वाटलं तर वाटू दे.

आता कामाचं. आई सकाळी साडेसहाला व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात फिरायला असते. तिची जोडीदारीण मुलाकडं पुण्याला गेली, एकटीला कंटाळा येतो. तुमच्या घरात कुणी आई, काकी, आत्या असेल तर पाठवा, मी रिक्षाचं बघतो. फक्त हळू चालणारी पाहिजे आणि मधल्या बाकावर बसून सुनांविषयी बोलायची तयारी पाहिजे. ते हात हलवत पळणारे ग्रुपवाले नकोत, त्यांना बघून ती उगाच स्पीड वाढवते.