दोन किलोचं डंबेल आणि हवेतले पाचशे ठोसे

गेल्या आठवड्यात गोव्यातल्या डिचोलीच्या आमच्या बॉक्सिंग हॉलवर एक पंधरा वर्षांचा पोरगा हाताच्या पट्ट्या न बांधताच कोपऱ्यात बसून होता. "सर, खांदो दुखता." काय केलंस विचारलं तर त्याने मोबाइल पुढे धरला. तोच व्हिडिओ, जो एव्हाना पेडण्यापासून काणकोणापर्यंत सगळ्या जिमच्या ग्रुपवर फिरून आलाय. दोन्ही हातांत दोन-दोन किलोची डंबेल्स घ्या, रोज पाचशे पंच हवेत मारा, दम लागला तरी थांबू नका. वजनं उचलू नका, अंग जड होतं. मुठी टणक व्हायला माडाच्या खोडावर ठोसे मारा. तीस दिवसांत वेग आणि ताकद दुप्पट! पोराने अकरा दिवस इमानदारीत केलं. बाराव्या दिवशी शर्ट चढवायला आईला हाक मारावी लागली.

आधी डंबेलच घेऊ, सगळा घोळ तिथे आहे. डंबेल ओढतं खाली आणि ठोसा जातो समोर. म्हणजे हातातल्या वजनाशी झगडतो तो खांद्याचा पुढचा भाग, तेही हात नुसता वर धरून ठेवण्यासाठी. पुढे झेपावण्याच्या दिशेला जोर वाढावा असं त्यात फारसं काही नाही. शिवाय हवेत मारलेला ठोसा अडवायला समोर काहीच नसतं. ते दोन किलो शेवटी आपणच थांबवायचे, नाहीतर कोपर उखडेल. शरीर शहाणं असतं, ते अर्ध्या वाटेतच ब्रेक लावायला शिकतं. पाचशे वेळा रोज ब्रेक लावायचा सराव करायचा आणि वेग वाढेल म्हणायचं! स्पर्धेतला दहा औंसाचा ग्लोव्ह भरतो सुमारे २८३ ग्रॅम. दोन किलो म्हणजे त्याच्या सातपट. तेवढं हातात घेऊन मारलेला ठोसा हा ठोसा राहतच नाही, त्याची वाटच बदलते: कोपर बाहेर, मनगट खाली, हनुवटी उघडी.

अर्धा किलो घेऊन एखादी फेरी शॅडो, म्हणजे हवेत ठोशांचा सराव, करणारे जुने बॉक्सर मी पाहिलेत, आणि त्यात पाप नाही. खांदे तग धरायला शिकतात. पण तग वेगळी आणि वेग वेगळा.

या व्हिडिओच्या मुळाशी एक समज आहे, की ठोसा दंडातून येतो. २००० साली इंग्लंडमध्ये बॉक्सरांच्या ठोशांचा जोर यंत्रावर मोजला गेला. कसलेल्या बॉक्सरांचा मागच्या हाताचा सरळ ठोसा सरासरी ४८०० न्यूटन (जोराचं माप) भरला, पुढच्या हाताचा २८४७. माणूस तोच, दंड जवळपास तेवढेच. मागचा हात सवयीचा असतो हे धरलं तरी एवढी तफावत दंडाने येत नाही. मागच्या हाताला मागच्या पायाचा रेटा आणि कमरेचा पूर्ण वळसा मिळतो, पुढच्याला त्यातलं थोडंच. त्याच मोजणीत नवख्यांचा मागचा हात २३८१ वर होता. कसलेल्यांच्या निम्म्यालाही टेकला नाही.

मी पोरांना मांडवीच्या काठावर पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकणारा माणूस बघायला सांगतो. दोरी मनगटाला बांधलेली, जाळ्याचा एक पदर खांद्यावर, काठाची शिसं लोंबत असतात. तो हाताने फेकतच नाही. आधी मागच्या पायावर बसतो, टाच वळते, मग कंबर, मग छाती, आणि हात सगळ्यात शेवटी सुटतो, तोही सैल. जाळं गोल उघडून पाण्यावर पडतं. नवशिक्या दंडाच्या जोरावर फेकायला जातो आणि जाळं गाठोडं होऊन डुबुक करून पायाशी पडतं. क्रॉस, म्हणजे मागच्या हाताचा सरळ ठोसा, मारताना नेमकं हेच होतं. आधीपासून मूठ आवळून, दात चावून मारलं की दंडाचा पुढचा स्नायू मागच्याला ओढून धरतो. हात सैल सुटला पाहिजे आणि मूठ लागायच्या क्षणी आवळली पाहिजे. एमएमए, म्हणजे मिश्र मार्शल आर्ट्सच्या, कसलेल्या लढवय्यांच्या स्नायूंच्या नोंदी घेतल्या तेव्हाही हीच लय दिसली: सुटताना एक झटका, मध्ये ढिलाई, लागताना दुसरा झटका. डंबेल धरलं की ही मधली ढिलाईच जाते, कारण मूठ उघडली तर ते पायावर पडेल.

"वजनं उचलू नका" हे वाचून तर हसूच आलं. डंबेल हातात द्यायचं आणि वजनाला बंदी घालायची! ब्राझीलच्या राष्ट्रीय संघाच्या बॉक्सरांवर २०१६ मध्ये झालेल्या अभ्यासात, वजन घेऊन उडी मारताना आणि बेंच प्रेसला, म्हणजे बाकावर उताणं पडून बार वर ढकलताना, ज्यांचा झटका जास्त, त्यांचा ठोसाही जास्त जोरकस आढळला. एकामुळेच दुसरं होतं असं यातून सिद्ध होत नाही, पण बार उचलून बॉक्सर मंद होतो ही भीती मात्र टिकत नाही. मंद होतो तो रोज थकेपर्यंत उचलून पॅडवर (सर हातात धरतात त्या गादीवर) ठोसे मारायला येणारा.

तेच "दम लागला तरी थांबू नका"चं. पूर्ण झटक्याचं इंधन स्नायूत काही सेकंदांपुरतंच असतं आणि ते भरून यायला मिनिटं लागतात. जळजळ सुरू झाल्यावर मारलेला ठोसा हळूच असतो, आणि ज्या वेगाने सराव कराल तोच अंगवळणी पडतो. आमच्याकडे जुन्या बास्केटबॉलमध्ये वाळू भरून तीनेक किलोचा चेंडू केलाय. पवित्र्यात उभं राहून कमरेच्या वळशाने तो भिंतीवर फेकायचा, पाच वेळा, जीव तोडून. मग दोन मिनिटं बसायचं. बॅगवर पाच-सहा सेकंदांचा भडिमार, मग मिनिटभर नुसतं चालायचं. पालक दारातून बघतात आणि म्हणतात, पोरं बसलेलीच दिसतात सर.

माडाच्या खोडाबद्दल थोडक्यात: करंगळीच्या मुळाखालचं हाड मोडतं त्याला डॉक्टर बॉक्सरचं फ्रॅक्चर म्हणतात, पण ते घेऊन येणारे बरेच जण भिंतीवर राग काढलेले असतात. वाढत्या वयातल्या हाताला तर मुळीच नको.

राहिलं "तीस दिवसांत दुप्पट". कशाने मोजलं, हे व्हिडिओत कुठेच नाही. मोजणं अवघड नाही खरं तर. खांदा बरा झाल्यावर त्या पोराला पॅडवर चाळीस ठोसे सलग मारायला लावले आणि स्लो मोशनमध्ये त्याच्याच मोबाइलवर घेतले. हात हलल्यापासून पॅडला लागेपर्यंतच्या फ्रेम त्याने बोटाने सरकवत स्वतः मोजल्या. पहिल्या दहाच्या आणि शेवटच्या दहाच्या. शेवटच्या दहाला बोट बरंच जास्त वेळा सरकवावं लागलं. "आणि हे डंबेलाशिवाय," तो म्हणाला, आणि पट्ट्या सोडायला बसला.