शिकागोने मुंबईचा माल चोरला? छे!

‘ॲसिड हाऊस मूळचं मुंबईचं, शिकागोवाल्यांनी ढापलं’ असा एक फॉरवर्ड फिरतोय. ॲसिड हाऊस म्हणजे यंत्रांवर वाजवलेलं, चिरक्या बेसचं नाचाचं संगीत. त्यातलं अर्धं खरं आहे, म्हणूनच खुलासा.

चरणजित सिंग हे हिंदी सिनेसंगीतातले वादक. त्यांनी 1982 साली एचएमव्हीसाठी दहा रागांची तबकडी केली. ललत, तोडी, यमन, मालकंस असे राग आणि खाली डिस्कोचा ठेका. वाद्यं तीन, सगळी रोलँड या जपानी कंपनीची: ज्युपिटर-8 हा सिंथेसायझर, टीआर-808 ही ठेका देणारी पेटी आणि टीबी-303. यातली 303 म्हणजे गिटारवाल्याला रियाजाला साथ द्यायला काढलेली बेसची छोटी पेटी. तिच्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे. आपल्या कानाला ती मींडेसारखी लागते, त्यामुळे ती रागाला बरी जुळली.

ॲसिड हाऊसची सुरुवात मानलं जाणारं, शिकागोच्या फ्युचर या त्रिकुटाचं ‘ॲसिड ट्रॅक्स’ आलं 1987 साली. पेटी तीच, 303, पण ती वाजत असतानाच बटणं पिळून तो चिरका आवाज काढायची खोड त्यांची स्वतःची. मुंबईची तबकडी तेव्हा फारशी खपलीही नव्हती. ती शिकागोत कुणी ऐकली होती याचा पुरावा फॉरवर्डवाल्यांनी दिलेला नाही. सारखं यंत्र, म्हणून सारखा आवाज, चोरी कसली?

उलटी अफवाही होती. 2010 साली ही तबकडी पुन्हा निघाली, तेव्हा ‘हे कुणा आजच्या संगीतकाराने रचलेलं सोंग आहे’ असं काही जण म्हणाले. तेही खोटं. सिंग तेव्हा मुंबईतच होते, पुढे त्यांनी परदेशात जाऊन हेच राग मंचावर वाजवले. 2015 साली ते गेले.