कॅमेरा दिवसभर चालू ठेवून टीम चालत नाही

गेल्या रविवारी भाचा जेवायला आला होता. एप्रिलपासून तो टीम लीड झालाय. नऊ जणांची टीम, त्यातले रोज चार-पाच जण घरून. जेवता जेवता सहज म्हणाला, ‘‘मावशी, सोमवारपासून मी घरून काम करणाऱ्यांना कॅमेरा नऊ ते सहा चालू ठेवायला लावलाय. तो मेसेज फिरतोय ना, त्यातलं वाचून.’’ माझा घास हातातच राहिला.

तो मेसेज मलाही तीन ग्रुपवर आलाय, त्यातला एक तर आमच्या सोसायटीचा. ‘घरून काम : मॅनेजरसाठी पाच कडू सत्यं’. ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एक, घरून काम म्हणजे अर्धं काम, हे स्टॅनफर्डने सिद्ध केलंय. दोन, अर्धी घरी आणि अर्धी ऑफिसात अशी टीम चालूच शकत नाही. तीन, घरी असलेल्यांचा कॅमेरा दिवसभर चालू हवा. कॅमेरा बंद म्हणजे काम बंद. चार, नवीन मुलं घरी बसून काही शिकत नाहीत. पाच, घरून काम मागतात त्या बायकांना घरकाम उरकायचं असतं, तेव्हा रेटिंग देताना ते लक्षात ठेवा.

मी सतरा वर्षं आयटीत आहे आणि गेली काही वर्षं अशीच दोन्हीकडे विभागलेली टीम सांभाळतेय. या पाचातलं एक अर्धं खरं आहे, ते पुढे मान्य करते. आधी तिसरा मुद्दा, कारण त्याने या आठवड्यात खऱ्या माणसांना त्रास झालाय.

भाच्याची तक्रार अशी होती की टीममधली एक मुलगी ‘कॅमेरा नीट ठेवत नाही’. तिच्या चौकटीत दिवसभर छत आणि फिरणारा पंखा. मी म्हटलं, विचारलंस का तिला? नव्हतं विचारलं. मग तिथेच फोन करायला लावला. धायरीला वन बीएचके. सासरे अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले, त्यांची कॉट हॉलमध्ये, आणि तिचं टेबलही हॉलमध्येच. सासऱ्यांचे कपडे बदलताना ते नऊ जणांच्या स्क्रीनवर दिसू नयेत म्हणून तिने लॅपटॉपचा पडदा मागे कलता केला होता. म्हणजे पाच दिवस भाच्याला पंख्याची पाती दिसत होती आणि त्यावर तो तिची हजेरी लावत होता.

मग मी दुसरा प्रश्न विचारला. या आठवड्यात तिने किती तिकिटं, म्हणजे नेमून दिलेली कामं, बंद केली? त्याला ते माहीत नव्हतं. कामांच्या नोंदीचा ऑनलाइन बोर्ड उघडून बघावं लागलं. सात घेतली होती, सहा बंद केली, सातवं क्लायंटच्या उत्तरासाठी अडकलेलं. ऑफिसात त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसणाऱ्या मुलाची तीन. ज्या लीडला कॅमेरा कुठे वळलाय हे माहीत असतं पण तिकिटांचा आकडा माहीत नसतो, तो लीड काम बघत नाहीये. हे मी त्याला तोंडावर सांगितलं आणि इथेही तेच सांगतेय.

कॅमेऱ्याने काय कळतं? माणूस खुर्चीत आहे एवढंच. माणूस ऑनलाइन असल्याचा हिरवा ठिपका बघत बसणाऱ्या मॅनेजरांसाठी माणसांनी केव्हाच उपाय शोधलेत, माऊस आपोआप हलवणारी छोटी यंत्रं ऑनलाइन मिळतात. पहारा वाढला की लोक पहारा चुकवायला शिकतात, आणि जो प्रामाणिक आहे त्यालाच त्याचा जाच होतो. फ्लोरिडातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीने नेदरलँड्समध्ये घरून काम करणाऱ्या आपल्या माणसाला असाच दिवसभर कॅमेरा चालू ठेवायला सांगितलं होतं. त्याने नकार दिला म्हणून काढून टाकलं. २०२२ मध्ये तिथल्या कोर्टाने हा खासगीपणावरचा घाला ठरवला आणि कंपनीला सुमारे ७५ हजार युरो द्यायला लावले. तो त्यांचा कायदा आहे, आपल्याकडे लागू नाही. पण दुसऱ्याच्या हॉलमध्ये दिवसभर डोकावणं चूक आहे हे कळायला कायदा कशाला लागतो?

मीटिंगमध्ये, विशेषतः नवीन माणसाची ओळख असेल किंवा काही अवघड बोलायचं असेल, तेव्हा मीही कॅमेरा सुरू करायला सांगते. अर्धा तास, कारण सांगून, आणि कुणाला अडचण असेल तर नाही. त्याची आणि नऊ ते सहाच्या पहाऱ्याची गल्लत करू नका.

आता पहिला मुद्दा, स्टॅनफर्डचा. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात या विषयावर वर्षानुवर्षं काम करणारे अर्थतज्ज्ञ म्हणजे निकोलस ब्लूम. त्यांचा आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध जून २०२४ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आला, आणि मेसेज लिहिणाऱ्याने तो उघडूनही पाहिलेला नाही. चीनमधल्या ट्रिप डॉट कॉम या प्रवास कंपनीत १,६१२ कर्मचाऱ्यांवर सहा महिने प्रयोग झाला. इंजिनिअर, मार्केटिंग, फायनान्सची माणसं, म्हणजे आपल्यासारखीच पदवीधर, टीममध्ये काम करणारी. ज्यांची जन्मतारीख विषम त्यांना बुधवारी आणि शुक्रवारी घरून कामाची मुभा, सम तारखेचे पाचही दिवस ऑफिसात. कोण कुठल्या गटात हे जन्मतारखेने ठरलं, त्यामुळे आळशी तेवढे घरी राहिले असं म्हणायला जागाच उरत नाही.

त्यानंतर दोन वर्षांची अप्रेझलं तपासली, बढत्या तपासल्या, इंजिनिअरांनी लिहिलेल्या कोडच्या ओळीसुद्धा मोजल्या. दोन्ही गटांत फरक नाही. फरक पडला तो नोकरी सोडणाऱ्यांत. पाचही दिवस ऑफिसात येणाऱ्यांपैकी ७.२ टक्के सोडून गेले, दोन दिवस घरून काम करणाऱ्यांपैकी ४.८ टक्के. म्हणजे गळती एक तृतीयांशाने कमी. सगळ्यात जास्त कुणाची थांबली? बायकांची, मॅनेजर नसलेल्यांची आणि लांबून येणाऱ्यांची. हडपसरहून हिंजवडी फेज थ्रीला रोज जाणाऱ्या माणसाला यात नवीन काहीच वाटणार नाही. आणि टीममधल्या जाणत्या माणसाने राजीनामा दिला की काय होतं, हे लीड असलेल्याला सांगायला नको. नोटीस पिरियडभर नुसतं नॉलेज ट्रान्सफर, मग नवीन माणूस रुळेपर्यंत बाकीच्यांच्या डोक्यावर दुप्पट काम.

त्याच प्रयोगातली आणखी एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. सुरू होण्याआधी तिथल्या मॅनेजरांना अंदाज विचारला, तर त्यांनी सरासरी सांगितलं की उत्पादकता २.६ टक्क्यांनी घटेल. प्रयोग संपल्यावर त्याच मॅनेजरांचं मत झालं, एक टक्क्याने वाढली. कडू सत्य म्हणून जे फिरतंय ते प्रयोगाच्या आधीच्या मॅनेजरांची भीती आहे.

मेसेजमधल्या ‘अर्धं काम’ या दाव्यामागे जर काही असेल तर ते पूर्ण वेळ घरून काम करणाऱ्यांबद्दलचं आहे. आशियातल्या एका मोठ्या आयटी कंपनीतल्या दहा हजारांहून जास्त लोकांच्या नोंदी तपासणारा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. कोविडमध्ये सगळे घरी गेल्यावर उत्पादकता ८ ते १९ टक्क्यांनी घसरली होती. पण ती का घसरली तेही वाचा. लोक कमी वेळ काम करत नव्हते, उलट कामाचे तास वाढले होते. वेळ जात होता मीटिंगांमध्ये, आणि वरिष्ठांशी एकट्याने बोलायला मिळणारा वेळ घटला होता. म्हणजे दोष मीटिंगा लावणाऱ्यांकडेही येतो, आणि त्यांच्यात मीही आहे.

दुसरा मुद्दा, मिश्र टीम चालत नाही. चालते, पण आपोआप चालत नाही. आमच्याकडे एकदा रिलीजची, म्हणजे सॉफ्टवेअर क्लायंटला द्यायची, तारीख टपरीवर चहा पिताना बदलली. मी होते, तिघं सीनिअर होते, सगळ्यांना पटलं, ग्लास ठेवले आणि वर आलो. साताऱ्याहून काम करणारा आमचा टेस्टर जुन्या तारखेच्या हिशेबाने दोन रात्री जागला. तिसऱ्या दिवशी स्टँड-अपला, म्हणजे सकाळच्या छोट्या मीटिंगला, त्याला कळलं. तो काही बोलला नाही, फक्त ‘ओके मॅम’ म्हणाला, आणि ते ‘ओके मॅम’ मी विसरलेले नाही. चूक त्याच्या घरी असण्याची नव्हती, माझी होती.

तेव्हापासून आमच्याकडे टपरीवर ठरलेलं काहीही टीमच्या चॅट-चॅनेलवर लिहिल्याशिवाय ठरलेलं धरत नाही. एकजण जरी घरून जोडलेला असेल तरी ऑफिसातले सगळेही आपापल्या लॅपटॉपवरूनच कॉलला बसतात. नाहीतर मीटिंग रूममध्ये सहाजण एकमेकांत बोलतात आणि घरच्याला टेबलावरच्या माईकमधून नुसता कालवा ऐकू येतो. ऑफिसचे दिवस टीमने मिळून ठरवलेत, मंगळवार आणि गुरुवार. ज्याने त्याने आपल्या सोयीचा वार धरला तर दीड तास ट्रॅफिक काढून येणारा माणूस रिकाम्या रांगेत बसून पुन्हा कॉलच करत बसतो.

चौथा मुद्दा. हो, नवीन मुलांच्या बाबतीत तथ्य आहे. फ्रेशरला शेजारी बसून कोणीतरी ‘हे असं नाही, असं कर’ म्हणावं लागतं. चॅटवर तो दहा वेळा टाइप करून खोडतो आणि शेवटी विचारतच नाही. पहिले सहा महिने मी फ्रेशरना जास्त दिवस ऑफिसात बोलावते. पण मग शिकवणाऱ्यालाही त्याच दिवशी यावं लागतं. मुलगा एकटा ऑफिसात आणि त्याचा सीनिअर घरी, यातून कोण काय शिकणार?

पाचवा मुद्दा वाचून संताप आला. सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषांची ९७. ती बाई ऑफिसात आली म्हणून हे काम कमी होत नाही, ते पहाटे पाच आणि रात्री अकराकडे सरकतं. बाळंतपणाच्या रजेनंतर काम तशा स्वरूपाचं असेल तर दोघांच्या संमतीने घरून करू देता येईल, अशी तरतूद २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यातच आली होती. मागणं म्हणजे कामचुकारपणा असता तर ती आली असती का?

आणि रेटिंग. ब्लूम यांनीच आधी चीनच्या त्याच कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये एक प्रयोग केला होता, २०१५ मध्ये छापून आला. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली, आणि तरीही तेवढ्याच कामगिरीला त्यांना बढती कमी मिळाली. दृष्टीआड सृष्टी. हा अन्याय आधीच होतोय, आणि हा मेसेज तो मुद्दाम करा म्हणून सांगतोय.

कॅमेऱ्याचा नियम भाच्याने सोमवारी सकाळी मागे घेतला, आणि त्या मुलीची फोन करून माफी मागितली. त्याचा रेटिंगचा तक्ता २० तारखेला जायचाय. पाठवण्याआधी मला दाखव, प्रत्येक नावापुढे बंद केलेली तिकिटं लिहून, असं मी त्याला सांगितलंय.