‘11 महिन्यांचा करार आहे, नोटरी पुरे’: घरमालकांना गोत्यात आणणारा मेसेज

जून-जुलैत कॉलेजांचे प्रवेश सुरू झाले की पुणे परिसरातल्या कोथरूड, कर्वेनगर, वाकड, विमाननगरच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घरमालकांसाठी एक मेसेज फिरायला लागतो. त्यात म्हटलेलं असतं: करार 11 महिन्यांचा असेल तर रजिस्ट्रेशन लागत नाही, स्टॅम्प पेपरवर नोटरी करून घ्या, पैसे वाचतील. पोलिसांना भाडेकरूची माहिती दिली की काळजी मिटली. मुदत संपूनही तो निघाला नाही तर कुलूप बदलता येईल, असं करारात लिहून घ्या. आणि 11 महिन्यांच्या वर कधीही देऊ नका, नाहीतर भाडेकरू मालक होऊन बसतो. यातलं एकही विधान महाराष्ट्रात टिकत नाही. हे ऐकून वागणाऱ्यांत निवृत्त माणसं बरीच असतात, त्यांचा महिन्याचा खर्च त्या एका फ्लॅटच्या भाड्यावर चालतो. म्हणून एकेक मुद्दा नीट पाहायला हवा.

‘11 महिन्यांना रजिस्ट्रेशन लागत नाही.’ या समजुतीचं मूळ 1908 च्या नोंदणी कायद्यात आहे. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं त्याच्या कलम 17 ने सक्तीचं केलं, म्हणून 11 महिन्यांची पळवाट रूढ झाली. इतर अनेक राज्यांत ती अजून चालते. महाराष्ट्रात मात्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 हा 31 मार्च 2000 पासून लागू आहे. त्याचं कलम 55 सांगतं की लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरू देण्याच्या परवानगीचा, प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. मुदत किती, याचा तिथे प्रश्नच नाही.

नोंदणी करून घेण्याची जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून महागात पडतं ते त्याच कलमातलं दुसरं वाक्य. नोंदवलेला करार नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरलं जातं, खोटं ठरवायचं काम मालकाचं. भाडं 22,000 ठरलं होतं की 15,000, डिपॉझिट किती घेतलं, घर कधी सोडायचं होतं, सगळं भाडेकरूच्या तोंडी शब्दावर येतं.

नोटरीने हे बदलत नाही. सही आपल्यासमोर झाली, एवढंच नोटरी प्रमाणित करतो. दस्ताची सरकारी नोंद होत नाही, इंडेक्स-2, म्हणजे त्या नोंदीचा सरकारी उतारा, निघत नाही. त्यातही मुद्रांक कमी भरलेला असेल, तर फरक आणि त्यावरचा दंड भरेपर्यंत तो कागद पुरावा म्हणून स्वीकारला जात नाही.

‘रजिस्ट्रेशनला फार खर्च येतो.’ आकडेच मांडू. भाडं 22,000, परत करायचं डिपॉझिट 60,000, मुदत 11 महिने. भाड्याचे 2,42,000 आणि डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के धरून 11 महिन्यांचे 5,500, मिळून 2,47,500. त्याचे 0.25 टक्के म्हणजे साधारण 619 रुपये मुद्रांक. नोंदणी फी महापालिका हद्दीत 1,000. वर दस्त हाताळणीचं किरकोळ शुल्क. घरी येऊन अंगठे घेणाऱ्या एजंटाचे पैसे वेगळे, पण तो ऐच्छिक आहे. नोंदणी विभागाच्या ई-रजिस्ट्रेशनवर स्वतःलाही करता येतं.

खर्च वाचवायचाच असेल तर मुदत वाढवा. हाच दर 60 महिन्यांपर्यंतच्या करारांना आहे. 11-11 महिन्यांचे तीन करार केले तर नोंदणी फी तीनदा जाते. एकदम 33 महिन्यांचा केला तर मुद्रांक जवळपास तेवढाच, फी एकदाच, म्हणजे 2,000 रुपये तिथेच वाचले. दरवर्षीची भाडेवाढ त्यातच लिहिता येते, फक्त मुद्रांक त्या वाढीव भाड्यावर मोजावा.

‘मुदत संपली की कुलूप बदला.’ हा सल्ला सर्वांत घातक. भाडेकरूचं सामान आत असताना कुलूप बदलणारा घरमालक स्वतःच फौजदारी तक्रारीत अडकू शकतो. करारात तसं कलम घातलं म्हणून ते कायदेशीर होत नाही.

भाडे नियंत्रण कायद्याने दिलेला रस्ता कलम 24 चा आहे. मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करायचा. समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत भाडेकरूने शपथपत्र देऊन बाजू मांडण्याची परवानगी मागितली नाही, तर मालकाचं म्हणणं मान्य धरून ताब्याचा आदेश होतो. मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी दुप्पट दराने नुकसानभरपाई, म्हणजे वरच्या उदाहरणात महिन्याला 44,000. लेखी करारात लिहिलेल्या गोष्टी इथे निर्णायक पुरावा मानल्या जातात. नोटरीचा कागद घेऊन गेलेल्याची अडचण नेमकी इथे होते.

‘पोलिसांना कळवलं की झालं.’ भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं सुरक्षेसाठी आहे आणि द्यायलाच हवी. कराराच्या नोंदणीशी तिचा संबंध नाही. एक चूक नेहमी होते: हिंजवडी-वाकडचा फ्लॅट असतो आणि माहिती पुणे पोलिसांच्या साइटवर भरली जाते. 2018 पासून तो भाग पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात आहे.

‘जास्त दिवस ठेवला तर मालक होतो.’ बारा वर्षांचा जो नियम लोकांनी ऐकलेला असतो तो मालकाला न जुमानता, त्याच्या हक्काविरुद्ध ठेवलेल्या ताब्याचा आहे. तुमच्या परवानगीने, भाडं देऊन राहणाऱ्याचा ताबा त्यात बसत नाही. नोंदवलेला करार हाच त्या परवानगीचा सर्वांत पक्का पुरावा.

आता ऑनलाइन नोंदणीत काम कुठे अडतं ते. वयस्कर घरमालकांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. आजींचा अंगठा यंत्रावर पाच वेळा दाबूनही आधारशी जुळत नाही. अशा वेळी बोटं कोमट पाण्याने धुऊन, कोरडी करून, दुसरं बोट लावून पाहावं. तरीही जमलं नाही तर दुय्यम निबंधक कार्यालयात प्रत्यक्ष जावं. केवळ ठसा उमटेना म्हणून नोटरीकडे वळू नये. दोन साक्षीदारांचीही आधार पडताळणी होते, त्यांना आधीच बोलावून ठेवा. सह्या करण्यापूर्वी मसुद्यात चार गोष्टी बोट ठेवून वाचा: फ्लॅट आणि विंगचा क्रमांक, सुरुवात-शेवटच्या तारखा, डिपॉझिटचा आकडा आणि ते कसं दिलं याचा तपशील, आणि नोटिशीचा कालावधी. भाडेकरूनेही हे वाचावं, कारण डिपॉझिट परत मागायची वेळ आली की त्याच्याही हातात हाच कागद असतो.