हिरवळीवर चालू नये

आमच्या रो-हाऊसच्या मागे वीस फूट बाय पंधरा फूट अशी एक जागा आहे. बिल्डरच्या माहितीपत्रकात तिला ‘प्रायव्हेट गार्डन’ म्हटलं होतं. ताबा घेतला तेव्हा तिथे विटांचे तुकडे, एक फुटका कमोड आणि घाणेरीचं झुडूप होतं. बरीच वर्षं तसंच होतं. कमोडच्या जागेवर सायकल आली, एवढाच काय तो फरक.

मग एका जानेवारीत आम्ही एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन बघायला गेलो. लोक गुलाब बघत होते, मी गवत बघत होतो. पन्नाशी आली माझी, पण सगळं आयुष्य ‘हिरवळीवर चालू नये’ ही पाटी वाचण्यात गेलं. तिथल्या तिथे ठरवलं, आता स्वतःच्या हिरवळीवर, स्वतःच्या पायांनी, चपला काढून चालायचं. आणि तेही बाराही महिने.

सोलापूर रस्त्यावरच्या एका नर्सरीतून ‘बर्म्युडा’ आणली. लॉन चटईसारखं गुंडाळून टेम्पोतून येतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. जूनमध्ये अंथरलं. जुलैत शेजारी बघायला आले. ऑगस्टमध्ये मी व्हॉट्सअ‍ॅपचा फोटो बदलला, त्यात मी नव्हतोच, फक्त गवत. दिवाळीपर्यंत सगळं झकास. पहाटेची थंडी पडायला लागली आणि कडेने पिवळेपणा आत सरकू लागला. नर्सरीवाल्याला घाबरून फोन केला.

“सर, मेलं नाही, झोपलंय.”

“उठेल कधी?”

“फेब्रुवारीत. पण उठलं की पाणी मागणार.”

फेब्रुवारीत ते उठलं आणि खरोखरच पाणी मागू लागलं. आमची सौ. सोसायटीच्या पाणी समितीवर आहे, त्यामुळे घरात टँकरचा हिशेब तोंडपाठ असतो. तिने एका रात्री कागद-पेन घेतलं. जागा अठ्ठावीस चौरस मीटर. एप्रिलच्या उन्हात रोज निदान पाच मिलिमीटर पाणी उडून जातं. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. एकूण झाले 140 लिटर.

“शहरात माणशी रोज 135 लिटर धरतात,” ती म्हणाली. “म्हणजे अहो, आपल्या घरात चौघं नाही, पाच माणसं आहेत. आणि त्यातलं पाचवं आंघोळसुद्धा करत नाही.”

मी म्हटलं, इंग्लंडात घरोघरी लॉन असतं, ते कसं? ती शांतपणे म्हणाली, तिथे पाऊस असतो. तर मी बघितलं. लंडनला वर्षाला साधारण सहाशे मिलिमीटर पडतो, पुण्याला सातशेच्या वर! पण हा आनंद फार टिकला नाही. त्यांचा पाऊस वर्षभर थोडा थोडा, हप्ते फेडल्यासारखा पडतो. आमचा जूनमध्ये येतो, चार महिन्यांत सगळा हिशेब एकदम चुकता करतो आणि पुढच्या जूनपर्यंत ओळख दाखवत नाही.

त्याच सुमारास बार्शीहून सासरे आले. मागच्या दारात उभे राहून बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, भारावले.

“जावईबापू, ही हरळी मुद्दाम लावली का?”

“हरळी नाही बाबा, बर्म्युडा.”

त्यांनी खाली वाकून एक काडी तोडली, पेरं नखाने चाचपली आणि परत एकच शब्द उच्चारला, “हरळी.”

मी मोबाइलवर शोधलं. नर्सरीच्या पावतीवरची बर्म्युडा, गणपतीच्या ताटातल्या दूर्वा आणि सासऱ्यांच्या रानातली हरळी, तिघींचं शास्त्रीय नाव एकच: सायनोडॉन डॅक्टिलॉन.

“विकत आणली?”

“चौरस फुटाच्या भावाने.”

ते पायरीवर बसले. त्यांच्या वडिलांचे कितीतरी उन्हाळे काळ्या रानातून हरळी आणि कुंदा खणून काढण्यात गेले होते. कुदळीने कमरेइतकं खणावं, मुळ्या वेचून बांधावर वाळत टाकाव्यात आणि पहिल्या पावसात बांधावरच त्यांना कोंब फुटावेत. तीच वस्तू जावयाने टेम्पोचं भाडं भरून घरी आणली होती. संध्याकाळी त्यांनी गावाकडे फोन लावला. “हां, बरे आहेत सगळे. जावई हरळी पिकवतात.”

पर्याय शोधायचं त्या फोननंतर ठरलं. एक सांगतो, बारमाही हिरवं काय लावावं हा प्रश्न चारचौघांत विचारू नये. लग्न जमवण्याइतका उत्साह लोकांना त्यात असतो.

एकाने वेडेलिया सुचवली. पिवळी फुलं, पाणी कमी, वाढ जोरात. जोरात म्हणजे किती, तर जगातल्या सर्वात उपद्रवी शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत तिचं नाव आहे. सासऱ्यांना हे कळलं असतं तर त्यांनी लेकीला माहेरी नेलं असतं. चिनी गुलाब सुंदर, पण तो दहाच्या सुमाराला उमलतो, कचेरीत जाणाऱ्याने बघायचा कधी? शिवाय त्यावर पाय ठेवला की भाजी होते. ऑनलाइन मागवलेलं पांढरं क्लोव्हर डिसेंबरात गोजिरवाणं उगवलं आणि एप्रिलात निरोपही न घेता गेलं. मंकी ग्रास सावलीत छान राहतं, वाढतं मात्र सरकारी फायलीच्या वेगाने.

सासूबाई म्हणाल्या, ब्राह्मी लावा. नर्सरीवाल्याने बारीक, जाड पानांची ब्राह्मी दिली. सासूबाई म्हणाल्या, ही नव्हे, गोल पानांची, बेडकाच्या पावलासारखी. ओळखीच्या वैद्यांचं म्हणणं, गोल पानांची ती मंडूकपर्णी, ही नीरब्राह्मी. स्मरणशक्तीची वनस्पती, आणि तिचं नाव काय हेच कोणाला धड आठवत नाही. दोघींना पायाशी ओल लागते हे मात्र तिघांनाही मान्य होतं. म्हणजे पाचवं माणूस होतं तिथंच.

शेवटी जलपिंपळी सापडली. ओढ्याकाठची जात, पण एकदा रुजली की उन्हातही तग धरते, तुडवलं तरी रागावत नाही, उंच वाढत नाही. वर्षभरात तिने जमीन गच्च झाकली. मे महिन्यातसुद्धा हिरवी! मी चपला काढल्या. जलपिंपळीला पांढरट-जांभळी बारीक फुलं येतात आणि ती मधमाश्यांना फार आवडतात, हे मला चौथ्या पावलाला समजलं. पाय सुजून पावाएवढा झाला. सासरे पाय बघत म्हणाले, “आमच्या हरळीत मधमाश्या कधी बघितल्या नाहीत.”

एवढा अपमान झाल्यावर माणूस प्लॅस्टिककडे वळतो. जलपिंपळी चार कुंड्यांत गेली आणि मागे कृत्रिम लॉन आलं, 35 मिलिमीटर उंचीचं. बसवणारा मुलगा म्हणाला, “सर, पाणी नाही, कापणी नाही, खत नाही. कायम हिरवं.” खरं होतं. डिसेंबरात हिरवं, मार्चमध्ये हिरवं. एप्रिलच्या पहिल्या रविवारी दुपारी मी मोठ्या अभिमानाने अनवाणी उतरलो आणि जेवढ्या वेगाने उतरलो त्याच्या दुप्पट वेगाने पायरीवर परत आलो. मुलाला फोन केला. तो म्हणाला, “उन्हात तापतंच सर. पाइपने पाणी मारा ना, थंड होतं.”

सौ. शेजारीच उभी होती. फोन स्पीकरवर होता. तिने काही न बोलता पाण्याच्या मीटरकडे बघितलं.

त्याच आठवड्यात सासूबाई कुरडया घालायला आल्या. दरवर्षी वाळवण गच्चीवर असतं. गुडघ्यांमुळे या वर्षी त्यांना दोन जिने नको होते. त्यांनी मागचं दार उघडलं, वाकून त्या गवतावर तळहात टेकवला आणि चटका बसताच असा काही आनंद त्यांच्या चेहऱ्यावर उमटला, की तो मला जावई म्हणून बघतानाही कधी उमटला नव्हता. “अगंबाई, वरूनही ऊन आणि खालूनही!” जुन्या साड्या अंथरल्या गेल्या. कुरडया एरवीपेक्षा निम्म्या वेळात कडकडीत. मग साबुदाण्याच्या पापड्या, मग बटाट्याचा कीस. बातमी फिरली. शेजारच्या दोन घरांच्या सांडग्या-मिरच्या आल्या. सासरे टोपी घालून कावळे हाकायला बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले, जावयाने डोकं लावून केलंय सगळं.

काल पहाटे उठलो. हवा गार, प्लॅस्टिक गार, माश्यांचा पत्ता नाही. चपला काढून पायरी उतरणार, तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला.

“जावईबापू, तिथं पाय नका ठेवू हं, गव्हाचा चीक ओला आहे अजून. अनवाणी चालायचं तर गच्चीवर जा, ती रिकामीच आहे.”