आधी ते टाका!

काल दुपारी एक वाजता नव्या प्रिंटरची सीडी घातली आणि रात्री अकराला दुकानाचं शटर ओढलं. मधल्या दहा तासांत पत्रिका छापल्या शून्य.

विंडोज ७ आहे माझं, ३२ बिटवालं. हो, माहीत आहे, १४ जानेवारी २०२० ला त्याचा कारभार आटोपला. बेंगळूरचा भाचा दर फोनला सांगतो, "मामा, नवीन मशीन घ्या की." घेतो! पण फॉन्टचा जुना लॉक, म्हणजे ज्याच्याशिवाय फॉन्ट उघडत नाही ती चावी, नव्या मशीनवर चालत नाही, आणि तो नसला की जुन्या फाइलीतल्या 'शुभविवाह'ची नुसती भेळ होते. खानापूरचं गिऱ्हाईक म्हणतं, "थोरल्याच्या लग्नात होती तश्शीच पाहिजे, वर मराठी, खाली कन्नड." त्याला काय भाचा छापून देऊ?

तर प्रिंटर म्हणाला, डॉट नेट ४.८ टाका; म्हणजे ज्याच्या जिवावर बाकीचे प्रोग्रॅम चालतात ते मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर. डॉट नेट म्हणालं, आधी सर्व्हिस पॅक १ टाका, म्हणजे विंडोजच्या दुरुस्त्यांचा गठ्ठा. तो ५३७ एमबीचा. एक्सप्लोरर ८ मध्ये त्याचं पानच उघडेना, कारण ते पान मागतं ती नव्या पद्धतीची सुरक्षित जोडणी या जुन्या ब्राउझरला झेपेना. झेपायला अपडेट पाहिजे, आणि अपडेट कुठं? त्याच पानावर! शेवटी भर पावसात पायरीवर उभं राहून, रेंज धरून मोबाईलवर उतरवला. तो चढला, तर डॉट नेटचं खरेपणाचं सर्टिफिकेट विंडोजला पटेना. मायक्रोसॉफ्टचं २०११ चं मूळ सर्टिफिकेट हातानं घातलं. मग प्रिंटरच्या प्रोग्रॅमला लागणारी कुठलीशी 'एपीआय-एमएस-विन-सीआरटी' नावाची डीएलएल फाइल नाही. तिच्यासाठी आणखी एक अपडेट, नंबर केबी २९९९२२६. ते उतरवलं, दाबलं, आणि उत्तर काय? "हे अपडेट तुमच्या संगणकाला लागू नाही."

लागू नाही म्हणजे? का नाही? अर्धा तास डोकं खाजवल्यावर कळलं, मी ६४ बिटवालं उतरवलं होतं. मग तसं सांगायला तोंड झिजतं काय? कचेरीच्या खिडकीवरही हेच. कागद कमी आहे म्हणायचं, कुठला ते सांगायचं नाही. उत्पन्नाच्या दाखल्याला तीन खेपा घातल्यात मी. दरवेळी नवीन झेरॉक्स!

आता खरं सांगतो, कुणाला सांगू नका. अपडेट बंद कुणी केलं होतं? मीच. २०१० च्या लगीनसराईत मशीन आपसूक रीस्टार्ट झालं, चार पानं गेली, आणि मी रागानं कायमचं बंद करून टाकलं. सर्व्हिस पॅक आला तो २०११ ला. म्हणजे सगळ्यांना शिव्या घालून झाल्यावर एक स्वतःसाठी राखून ठेवायला हवी होती.

अकराला एकदाचा प्रिंटरचा प्रोग्रॅम उघडला. हा टाकल्याशिवाय प्रिंटर पुढं सरकतच नव्हता, म्हणून वाटलं काहीतरी मोठं असणार. त्यात चार रंगीत नळकांडी, आणि लिहिलंय: शाई पूर्ण भरलेली. अरे बाबा, टाकी पारदर्शक आहे. ते मला दुपारी एकलाच दिसत होतं.

आज सकाळी शटर वर करतोय तोवर मागून आवाज, "दादा, झाल्या काय वो पत्रिका?"