माकडं मारून माकडताप जाणार नाही, उलट वाढेल

काजूचा सीझन तोंडावर आला की गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर तो एक मेसेज परत उगवतो, आणि गंमत म्हणजे फॉरवर्ड करणारे बहुतेक जण चांगले शिकलेले असतात. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: माकडताप माकडांमुळे पसरतो, सगळी माकडं मारली की रोग संपेल, पेशंटच्या घरी जाऊ नका, गाईचं दूध आणि बोंडूचा (म्हणजे काजूच्या फळाचा) रस बंद करा, लस आहे पण सरकार लपवतंय, आणि मुळात हा रोग व्याघ्र प्रकल्पासाठी गावं उठवायला कोणीतरी रानात सोडलाय. खाली 'जनहितार्थ'. एकेक घेऊया.

"सगळी माकडं मारा." आधी हे सांगतो की माकडांवरचा राग मला कळतो, कोवळे नारळ पाडतात, भाजीचा मळा एका सकाळीत साफ करतात, नुकसानभरपाईच्या फेऱ्या मारून माणूस थकतो. पण ते दुखणं वेगळं आणि हा ताप वेगळा. ताप देतो तो विषाणू, आणि माणसापर्यंत तो आणते गोचीड. रानात हा विषाणू उंदीर, चिचुंद्र्या, खारी असल्या बारक्या प्राण्यांत आणि गोचिडींत फिरत असतो, माकड एकही नसलं तरी. गोचीड आयुष्यात तीनदा रक्त पिते, प्रत्येक वेळी पोट भरलं की खाली पडते, पहिल्या दोन वेळा कात टाकून पुढच्या अवस्थेत दुसरं जनावर धरते आणि शेवटी अंडी घालते. पावसाळ्यात मोठ्या गोचिडी गुरांवर, गव्यांवर असतात, पाऊस सरला की अंड्यांतून बारीक पिल्लं निघतात आणि साधारण डिसेंबर ते मे मधली अवस्था, तिळाएवढी, पाचोळ्यात वाट बघत बसलेली असते. माणसाला मुख्यतः हीच चावते. आणि आपण काजूत कधी असतो? बरोबर त्याच महिन्यांत.

माकडाचं काय होतं, तर त्याला लागण झाली की विषाणू रक्तात भरमसाट वाढतो, वानर असो की लाल तोंडाचं माकड, बरीचशी मरतात, आणि त्या दिवसांत त्याचं रक्त प्यायलेल्या गोचिडी विषाणू घेऊन खाली पडतात. म्हणून जिथं माकड मेलंय ती जागा सगळ्यात धोक्याची, म्हणूनच आरोग्य खात्याची माणसं तिथं सुमारे 50 फुटांच्या परिघात मॅलॅथिऑन पावडर मारतात. आता समजा तुम्ही बंदूक घेऊन निघालात. आजारी माकड पाडलं, त्याच्यावरच्या गोचिडी तिथंच उतरल्या, आणि ते ओढून पुरायला जो गेला त्याच्या पायावर चढल्या. आणि उंदीर-चिचुंद्र्यांतला विषाणू आहे तिथंच राहिला. रोग संपला कुठे?

शिवाय माकडांच्या मरण्यातून मिळणारी धोक्याची सूचनाही गेली. 1957 साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर रानात हा रोग पहिल्यांदा ओळखला गेला तो तिथं माकडं पटापट मरत होती आणि आसपासच्या गावांत माणसं तापानं पडत होती म्हणून. आपल्याकडे 2015 ला सत्तरीतल्या पाली गावातही मेलेली माकडं आणि तापाचे पेशंट यांची सांगड घालूनच रोग कळला. माकड मेलेलं आधी कोण बघतं? बोंडू वेचणारी बाई, गुरं राखणारा पोरगा, लाकडाला गेलेला माणूस. पुण्याच्या एनआयव्ही या विषाणू संस्थेतले शास्त्रज्ञ कितीही हुशार असले तरी त्यांच्यापर्यंत नमुना पोचायला आधी गावातून फोन जावा लागतो. मेलेलं माकड दिसलं तर हात लावायचा नाही, जवळ जायचं नाही, वाळपईच्या आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवायचं. एवढंच काम आहे, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात मोठं संशोधन तेच आहे.

"पेशंटच्या घरी जाऊ नका." चूक. माणसाकडून माणसाला हा ताप गेल्याची नोंद नाही. बिनधास्त जा, पेज घेऊन जा. एकाच घरात दोघं-तिघं पडले तर ते बहुतेक एकाच बागेत एकत्र कामाला गेले असतात. (मध्ये मंकीपॉक्सच्या बातम्या आल्या तेव्हा दोन्ही रोगांची खिचडी झाली. तो पूर्ण वेगळा आजार, त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही.)

"दूध आणि बोंडूचा रस बंद करा." दुधातून लागण झाल्याचा पुरावा नाही, तरी दूध उकळून प्या, ते तसंही पितोच आपण. पण गुरांना अगदी क्लीन चिट देता येत नाही. गुरांमुळे विषाणू फारसा वाढत नाही, गोचिडी मात्र वाढतात, आणि रानात चरून आलेली गाय त्या गोठ्यापर्यंत आणते. पश्चिम घाटात झालेल्या अभ्यासांतही रान आणि बागायत एकमेकांत मिसळलेले आणि गावठी गुरं जास्त असलेले भाग जोखमीचे निघालेत. सत्तरीचं वर्णनच झालं की हे. त्यामुळे गुरांच्या गोचिडींवर पशुवैद्याकडून औषध घेणं हे दूध ओतून देण्यापेक्षा हजारपट कामाचं.

बोंडूचं म्हणाल तर रसात काही नाही. हुर्राक, म्हणजे त्याच रसाची दारू, पिऊन माकडताप होत नाही, हुर्राक पिऊन दुसरं बरंच काही होतं. धोका आहे तो झाडाखाली पाचोळ्यात फतकल मारून बिया वेगळ्या करत बसण्यात. तेवढं ताडपत्री-बिडपत्री टाकून बसा, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि लांब पँट घाला, आरोग्य खातं गोचिडी दूर ठेवणारं डीएमपी तेल देतं ते उघड्या अंगाला लावा आणि दुपारी परत लावा कारण काही तासांत त्याचा असर जातो. घरी आल्यावर कपडे थेट गरम पाण्यात, आणि आंघोळ करताना काखा, जांघा, कानामागं नीट बघायचं. गोचीड सापडली तर रॉकेल, चुना, पेटती विडी असले प्रयोग करू नका, चिमट्यानं कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ ओढा आणि साबणानं धुवा.

"लस आहे पण लपवतात." हा मुद्दा अर्धा खरा आहे आणि म्हणूनच जास्त फसवतो. लस होती, आपल्याकडेही दिली गेली. कर्नाटकातल्या 2005 ते 2010 च्या आकडेवारीवर झालेल्या अभ्यासात दोन डोसांनी 62.4 टक्के आणि वर बूस्टर घेतला तर 82.9 टक्के संरक्षण दिसलं, पण महिन्याच्या अंतरानं दोन डोस, मग सहा-नऊ महिन्यांनी बूस्टर, मग वर्षाला एक असं पाच वर्षं, शिवाय सुई दुखणारी, कोण जाणार एवढ्या वेळा? पुढे तिच्या परिणामाबद्दलच शंका वाढत गेल्या आणि 2022 मध्ये कर्नाटकानं ती बंद केली. नव्या लसीवर आयसीएमआर ही सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था आणि इंडियन इम्युनॉलॉजिकल्स ही लसकंपनी यांचं काम चालू आहे. 1957 पासून माहीत असलेल्या रोगावर अजून धड लस नाही याचा राग जरूर करा, तो माझाही आहे, रानात राबणाऱ्या गरीब माणसाचा रोग म्हणून घाई कुणालाच नव्हती. पण कपाटात लपवलेली बाटली कुठे नाही.

"व्याघ्र प्रकल्पासाठी रोग सोडला." तारखाच बघा. रोग 1957 चा. सत्तरीतलं म्हादई अभयारण्य जाहीर झालं 1999 ला. गोव्यात माणसांना ताप आला 2015 ला, पुढच्याच वर्षी शेजारी सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात, तिथल्या काजूच्या बागांत. त्याच म्हादई परिसराचा व्याघ्र प्रकल्प करा हा हायकोर्टाचा आदेश जुलै 2023 चा. बंदीपूर, वायनाड, निलगिरी इथंही हा रोग 2012-13 च्या सुमारास सापडलाय, म्हणजे कटवाल्यांना अख्खा सह्याद्री फिरावा लागला असेल. सुरुवातीला शास्त्रज्ञांनाही वाटलेलं की रशियाकडून येणाऱ्या पक्ष्यांबरोबर विषाणू आला असेल, कारण तो तिकडच्या एका विषाणूसारखा दिसत होता, तर बाहेरून आणला हा संशय काही नवा नाही.

तरीही ही अफवा लोकांना पटते कशी, तर त्याला कारण आहे. माणसं गाडीतून येतात, रानात पांढरं कापड ओढत गोचिडी गोळा करतात, आमचं रक्त घेतात, फॉर्म भरून घेतात, आणि जातात ती जातातच. रिपोर्ट इंग्रजीत कुठंतरी छापून येतो, ज्याच्या बागेत कापड ओढलं त्याला तिथं काय सापडलं ते कधीच कळत नाही. मग मोकळी राहिलेली जागा व्हॉट्सअ‍ॅप भरतं. नमुने घेणाऱ्यांनी निकालाचं एक पान मराठीत पंचायतीच्या बोर्डावर लावलं असतं, कुठल्या वाड्यावर गोचिडीत विषाणू मिळाला, कुठे नाही, तर यातले निम्मे मेसेज जन्मालाच आले नसते.

आणि एवढ्या लांबलचक मेसेजात जे हवं होतं ते नाहीच. गोचीड चावल्यावर साधारण 3 ते 8 दिवसांत एकदम जोराचा ताप, कपाळ फुटेल असं डोकं दुखणं, अंग मोडून येणं, उलट्या, कधी हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त. बऱ्याच जणांचा ताप उतरतो आणि माणूस परत काजूत जातो, पण 10 ते 20 टक्के लोकांना आठवड्या-दोन आठवड्यांनी दुसरा ताप येतो, तेव्हा बडबड, थरथर, नजर धूसर होणं असं डोक्यावर जातं. शंभरात तीन ते पाच जण दगावतात. खास औषध नाही, पण वेळेवर सलाईन आणि देखरेख मिळाली की बहुतेक वाचतात. मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या, अ‍ॅस्पिरिन वगैरे, आपल्या मनानं घेऊ नका, रक्तस्राव वाढतो. पहिल्या दिवसांत पीसीआर टेस्टमध्ये विषाणू सापडतो, उशीर झाला तर अँटीबॉडीची वेगळी टेस्ट करावी लागते, म्हणून वाळपईला जा की बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात), डॉक्टरनं विचारायच्या आधी सांगा की मी काजूत कामाला जातो आणि आमच्याकडे माकड मेलंय, नाहीतर आधी डेंग्यू, मलेरिया, लेप्टो शोधण्यात दोन दिवस जातात.